घासाघिशीचे संगीतशास्त्र

ब्लू नोट या न्यूयॉर्कच्या जाझ कंपनीची जुनी तबकडी पहिल्या छपाईची आहे की नंतरची, हे ओळखण्यासाठी ती ऐकण्याची मुळीच गरज नसते, आणि या विद्येची हीच मोठी सोय होय. लेबलवर कंपनीचा कोणता पत्ता छापला आहे, खोबणी संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत मोकळी पट्टी उरते तीत ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या नावाची 'आरव्हीजी' ही आद्याक्षरे उमटली आहेत की नाहीत, आणि त्याच पट्टीत प्लास्टिलाइट या कारखान्याची ती खूण, जिला संग्राहक तिच्या आकारामुळे 'कान' म्हणतात, दिसते की नाही, एवढे पाहिले की निर्णय होतो. आत सॅक्सोफोन कोण वाजवतो आहे हा प्रश्न त्यानंतर, सवड झाल्यास, विचारात घेतला जातो.

प्रस्तुत लेखकाला ही सर्व लक्षणे तोंडपाठ आहेत, मात्र ती वापरण्याचा प्रसंग मुंबईत सहसा येत नाही. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर तो तबकडी उन्हाकडे तिरपी धरतो आणि भेंडीचे टोक मोडून पाहणाऱ्या गृहिणीच्या गांभीर्याने मोकळी पट्टी न्याहाळतो, तेव्हा आजूबाजूच्या मंडळींच्या मनात आदर दाटत असावा असा त्याचा समज असतो. वस्तुतः त्या वेळी त्याच्या हातात बोनी एम. असते. मुंबईच्या कोणत्याही ढिगात बोनी एम., अ‍ॅबा, जिम रीव्ह्ज आणि 'शोले'च्या संवादांची तबकडी यांचा साठा अक्षय असून गब्बरसिंगाला बाजूला सारल्याखेरीज जाझपर्यंत पोहोचता येत नाही, आणि सारल्यावरही बहुधा येत नाही.

डान्सहॉलची स्थिती याहून बिकट आहे. जमैकाच्या किंग्स्टनमधल्या नृत्यसभांतून रेगेच्या पोटी १९८०च्या सुमारास जन्मलेला हा प्रकार सात इंची तबकड्यांवर वाढला, आणि त्याचा पाया म्हणजे 'रिदिम', अर्थात बास आणि ताल यांचा तयार सांगाडा, ज्यावर एकामागून एक अनेक गायक आपापले शब्द चढवतात. १९८५ साली किंग जॅमी या निर्मात्याने वेन स्मिथच्या आवाजात काढलेला 'स्लेंग टेंग' हा सांगाडा कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार तालावरून आला, तो ताल हिरोको ओकुदा या जपानी तरुणीने बसवला होता, आणि पुढे त्यावर इतकी गाणी झाली की मोजणाऱ्याने हात टेकावेत. लंडनमध्ये राहणाऱ्या भाच्याला ब्रिक्स्टनच्या दुकानांतून स्वस्तातला गठ्ठा आणण्यास सांगितले असता, ''मामा, बारा जणांनी एकच गाणं का म्हटलंय?'' एवढेच त्याने फोनवर विचारले. या प्रश्नाला रिदिमच्या इतिहासात उत्तर आहे, परंतु सामानाच्या वजनाचे पैसे भरणाऱ्याला ते पटत नाही.

येथे लेबल खरवडण्याच्या परंपरेचा उल्लेख आवश्यक आहे. निदान प्रस्तुत लेखकाला तो नेहमीच आवश्यक वाटतो. १९५०च्या दशकात किंग्स्टनमध्ये 'साउंड सिस्टीम' म्हणजे प्रचंड ध्वनिवर्धक लावून मोकळ्या जागेत नाच भरवणारी मंडळी होती, आणि त्यांची सारी प्रतिष्ठा प्रतिस्पर्ध्याकडे नसलेल्या अमेरिकी तबकडीवर अवलंबून असे. त्यांतला क्लेमंट डॉड क्रिकेट उत्तम खेळत असल्यामुळे यॉर्कशायरच्या अ‍ॅलेक कॉक्सन या खेळाडूवरून 'कॉक्सन' म्हणून ओळखला जाई (जमैकाच्या संगीताचा पितामह क्रिकेटपटूच्या नावाने वावरला, ही गोष्ट दादरच्या कोणत्याही कट्ट्यावर सहज पचावी). अमेरिकेतून आणलेल्या तबकड्यांची लेबले तो खरवडून टाकी, जेणेकरून डोकावणाऱ्याला नाव कळू नये; सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सनच्या एका तबकडीचे तर त्याने 'कॉक्सन हॉप' असे बारसेच केले आणि ती आपल्या सिस्टीमची ओळख म्हणून वाजवली. कमरेला पिस्तूल लावून फिरणारा माजी पोलीस ड्यूक रीड याने अखेर तीच तबकडी मिळवून जाहीरपणे लावली, तेव्हा कॉक्सनला भोवळ येण्याची वेळ आली असे सांगतात. पुढे किंग्स्टनमध्येच जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, ऊर्फ डीजे कूल हर्क, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ साली फंकच्या तबकड्यांतले केवळ ढोलांचे तुकडे लांबवून वाजवू लागला, आणि त्यानेही आपली लेबले पाण्यात भिजवून सोलून काढली. प्रस्तुत लेखक या थोर परंपरेचा पाईक असल्यामुळे घेतलेली तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून, नाव आतल्या बाजूला ठेवून लोकलमध्ये चढतो. ती कोणती, हे आजवर एकाही सहप्रवाशाने विचारलेले नाही.

परंतु खरवडलेल्या लेबलाखाली माणसाचे नाव असते, ही गोष्ट या विनोदात बसत नाही. फंक गायक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यात क्लाइड स्टबलफील्डने वाजवलेला काही सेकंदांचा ढोल जगभरच्या असंख्य गाण्यांत उचलला गेला, तबकडीवर मात्र नाव ब्राउनचे राहिले, आणि त्या उचलेगिरीचे मानधन वाजवणाऱ्याला मिळाले नाही. २०१७ साली तो गेला. अशा संगीताची तबकडी शंभर रुपयांत मिळाली म्हणून मिशीला पीळ देणारा संग्राहक वस्तुतः दुसऱ्याने आधीच सोसलेल्या तोट्यावर सूट मागत असतो. आपल्याकडेही वेगळे घडले नाही. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'ला (१९५१) ज्यांच्या ट्रम्पेटने रंग चढवला ते चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियेर वाझ, किंवा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसूझा, यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात जाझ मुरवले, आणि त्या गाण्यांच्या लेबलवर संगीतकार, गीतकार व गायक यांच्यासाठी जागा निघाली, या वादकांसाठी क्वचितच. ही चीड संग्राहकाला शोभत नाही, कारण तो खुद्द नावे लपवून ठेवणाऱ्यांच्या कुळातला आहे. तरी ती येते.

क्वचित हिशोब उलटाही फिरतो. चित्रपटांतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून केलेली तबकडी फारशी कोणी घेतली नाही. ती २००२ साली दिल्लीत एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० साली पुन्हा निघाली, आणि २०१५ मध्ये निधन होण्यापूर्वी सिंग यांना उतारवयात युरोपातल्या रंगमंचांवर ती वाजवता आली. प्रस्तुत लेखकाला याचा निर्भेळ आनंद आहे. मात्र अशा घटनांमुळे दुकानदार शहाणे झाले असून, कव्हर फाटलेली, दुसऱ्या बाजूला सुई घसरणारी आणि कोपऱ्यात कुण्या 'सौ. वहिनींस सप्रेम भेट' असे लिहिलेली तबकडीदेखील आता मोबाइलवर परदेशातला भाव पाहूनच विकली जाते. हा भाव वादकाच्या घरी जाणार नाही, हे लेखक दुकानदाराला तळमळीने समजावून सांगतो, आणि त्याच श्वासात पन्नास रुपये कमी करण्याची विनंती करतो.