पक्कडनाना

आमच्या कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला झाला, एवढंच निमित्त. घरातला स्क्रूड्रायव्हर सापडला, पण त्याचं टोक पिळवटून पार जिलबीच्या वळणावर गेलेलं. मी जिन्यात सहज म्हणालो, "कोपऱ्यावरून 40 रुपयांचा एक घेऊन येतो." जिन्यात असं काही सहज म्हणू नये. पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि आतून आवाज आला, "थांब. चप्पल घालतो."

अशा रीतीनं 40 रुपयांच्या वस्तूपायी एक अख्खा रविवार, येण्याजाण्याची रिक्षा आणि चार चहा खर्ची घालून मी पुण्याच्या जुन्या बाजारात दाखल झालो.

नानांचं खरं नाव फक्त मेन्टेनन्सच्या पावतीवर आहे. इतरत्र ते पक्कडनाना. प्रत्येक सोसायटीत एक पावसाचा अंदाज सांगणारा असतो, एक बँकांचे व्याजदर पाठ असणारा असतो आणि एक हत्यारं पारखणारा असतो. पहिले दोघे चुकतात, म्हणून लोक त्यांच्याशी गप्पा मारतात. तिसरा चुकत नाही, म्हणून तो दिसला की लोक लिफ्टचं बटण दाबतात.

नानांची 31 वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूल स्टोअरच्या खिडकीमागे गेली. तिथली पद्धत अशी, की कामगारानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीत ठेवायचा. नाना तो बिल्ला हत्याराच्या रिकाम्या झालेल्या खिळ्याला टांगणार आणि हत्यार देणार. सुटीचा भोंगा झाला की हत्यार आत, बिल्ला बाहेर. परत आलेला प्रत्येक पाना नाना उलटासुलटा करून बघत. शाळेची सहल परत आली की आई पोराचे गुडघे बघते, तसं. 31 वर्षांत एक एलन की सोडली, तर काही हरवलं नाही. त्या एलन कीचा विषय काढू नये.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या 31 वर्षांत नानांनी स्वतः एकही नट आवळला नाही. ते खातं वेगळं होतं.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. ताडपत्र्यांवर बंद घड्याळं, कंदील, नाणी, मिक्सरची बिनमिक्सरची भांडी आणि मधूनच हत्यारांचे ढीग. लोक इथं पिशवी घेऊन येतात. नाना प्रयोगशाळा घेऊन येतात. शर्टाच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर, पँटच्या उजव्या खिशात फुटक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, डाव्या खिशात तिकोनी कानस, एक तेराचा नट-बोल्ट आणि वर्तमानपत्राची घडी केलेली पट्टी.

"काका, घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" पहिल्याच ताडपत्रीवाल्यानं विचारलं.

"बघितल्याशिवाय घेतो ते तुझं गिऱ्हाईक," नाना म्हणाले आणि उकिडवे बसले.

समोर बारा पान्यांचा एक झगझगीत संच होता. खोक्यावर जर्मन टेक्नॉलॉजीचा दावा होता. मुद्रकाला मात्र जर्मनीचं स्पेलिंग जमलेलं नव्हतं. नानांनी चुंबक टेकवलं. ते घरंगळून खाली पडलं. "जस्ताचं ओतकाम. वर क्रोमचा मुलामा. हा पाना नाही रे, पान्याचा फोटो आहे." ताडपत्रीवाल्यानं लगेच दुसरा संच पुढे केला. या खेपेला चुंबक टक्कन चिकटलं. मी उगाच खूश झालो. "चिकटलं म्हणजे लोखंडाच्या जातीचं, एवढंच कळलं. बीडही चिकटतं. आता घडीव की ओतीव ते बघायचं." ओतीव वस्तूच्या कडेनं साच्याच्या दोन अर्ध्यांची बारीक, केसासारखी रेघ जाते. घडीव वस्तू साच्यात घण मारून दाबलेली असते. तिच्या कडेला बाहेर आलेलं जास्तीचं लोखंड छाटावं लागतं, म्हणून तिथं रुंद पट्टा दिसतो. मग नानांनी पाना बोटावर तोलून दुसऱ्या पान्यानं हलकेच वाजवला. माझी आजी माठ असाच वाजवून घ्यायची. चांगलं पोलाद खणखणतं आणि आवाज थोडा वेळ हवेत राहतो. हा पाना बद्द वाजला. त्यानंतर व्हर्निअर निघालं. "तेराच्या पान्याचं तोंड तेरापेक्षा केसभर मोठं हवंच, नाहीतर नटावर बसणार कसं? पण हे 13.6 आहे. हा नट फिरवत नाही, नटाचे कोपरे खातो. आणि मान बघ. पान्याचं तोंड दांड्याला 15 अंश तिरकं असतं. अडचणीच्या जागी पाना पालथा केला की नट आणखी थोडा फिरावा म्हणून. याची मान एका बाजूला 15, दुसऱ्या बाजूला मर्जी."

एव्हाना पाच-सहा माणसं जमली होती. त्यातल्या दोघांनी हातातले पाने हळूच ढिगात परत टाकले. ताडपत्रीवाल्यानं चहा मागवला आणि पोऱ्याला सांगितलं, "काकांचा चहा शेजारी ठेव." चहाच्या मागोमाग नाना शेजारच्या ताडपत्रीवर गेले. बाजारात नानांना हलवायची हीच रीत आहे, हे मला पुढे समजलं. तिसरा चहा तिसऱ्या ताडपत्रीवर झाला.

शेजारी पकडींचा ढीग होता. पक्कड ही नानांची खासियत. खिल्लारी बैल घेणारा शेतकरी जसा आधी दात बघतो, तसे नाना आधी पकडीचे दात बघतात. मग पक्कड मिटून आभाळाकडे धरतात. जबडा टोकाशी नीट मिटायला हवा आणि कापायच्या धारेतून उजेड अजिबात दिसता कामा नये. "यातून तर पर्वती दिसते," नाना म्हणाले. वर्तमानपत्राच्या पट्टीवर धार चालवली. चांगल्या पकडीनं कागद कापला जातो, हिनं तो चघळला. मग दोन दांडे धरून आडवे हलवले. रिपिटीपाशी पक्कड लटपटली. "नवी असताना हलते. म्हातारपणी काय करेल?" पकडीवरच्या शिक्क्यानं मी दबून गेलो होतो, तर नाना म्हणाले, "आयएसआयच्या खऱ्या खुणेवर आयएस लिहून मानकाचा नंबर असतो आणि खाली सीएम/एल लिहून परवान्याचा. हा नुसता कोरा शिक्का आहे. संस्थेचं नाव बदलून 1987 मध्ये भारतीय मानक ब्यूरो झालं, पण लोकांच्या तोंडी आयएसआयच राहिलं. नक्कल करणाऱ्यांच्याही."

तेवढ्यात विशीतला एक मुलगा आला. खांद्याला वायरचं भेंडोळं. त्यानं 90 रुपयांना लाल मुठीची पक्कड उचलली. नानांचा आवाज दिवसभरात तेव्हा एकदाच चढला. "वायरिंगचं काम करतोस? ती ठेव खाली." मुलगा म्हणाला, "काका, प्लास्टिक आहे की मुठीला." "ते हात सोलू नये म्हणून. करंटसाठी नाही. जिवंत वायरीला हात घालायचा तर मुठीवर 1000 व्होल्टचा आकडा आणि दोन त्रिकोणांची खूण पाहिजे. बोहरी आळीत जा, पक्कं बिल घे." मुलानं पक्कड ठेवली आणि संशयानं विचारलं, "तुमचं दुकान आहे का तिकडे?"

नानांनी उत्तर दिलं नाही. ताडपत्रीवाल्यानं आणखी एक चहा सांगितला, जरा लांबच्या ताडपत्रीवर.

तिथं हातोड्या होत्या. नानांनी दांड्याचे रेषे बघितले. ते उभे, टोकापासून टोकापर्यंत जायला हवेत. आडवे गेले की दांडा घावागणिक मोडायचा मुहूर्त शोधतो. मग डोक्यातली पाचर बघितली. "ही उन्हाळ्यात ढिली होणार. मग लोक हातोडी रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं, डोकं घट्ट बसतं, वाळलं की पहिल्यापेक्षा ढिलं." विकणाऱ्याला वाटलं, आपल्या मालाची ताकद दाखवावी. त्यानं दोन हातोड्या घेतल्या आणि एकमेकींवर हाणणार, तोच 74 वर्षांचे नाना माझ्या पाठीमागे गेले. कडक केलेल्या दोन तोंडांची टक्कर झाली तर कपचा उडतो, आणि तो डोळ्यापर्यंत जातो, हे त्यांनी मला माझ्या पाठीमागून समजावून सांगितलं.

शेवटी स्क्रूड्रायव्हर. मी घड्याळ बघितलं, साडेबारा. "प्लसचा हवा ना?" नाना म्हणाले. "त्याला फिलिप्स म्हणतात. हेन्री फिलिप्स नावाच्या अमेरिकन माणसानं 1930 च्या दशकात त्याची पेटंटं घेतली. मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलून धरला. पण टोक मापाचं नसेल तर ते स्क्रूच्या डोक्यातून वर चढतं आणि फुली खाऊन टाकतं. मग तो स्क्रू तुझ्याबरोबर सरणावरच सुटायचा." त्यांनी एका टोकावर कानस ओढली. "कानस घसरली तर पोलाद अतिकडक, काचेसारखं तुटेल. लोण्यासारखी चालली तर मऊ, पिळवटेल. जरा कुरकुरत चालायला हवी. सगळा खेळ पाणी देण्याचा आहे. लालबुंद पोलाद बुडवलं की कडक होतं आणि ठिसूळही. मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ताठा काढायचा. गवतासारखा पिवळा रंग आला की थांबलं तर धारेचं हत्यार, निळ्यापर्यंत नेलं तर स्प्रिंग, स्क्रूड्रायव्हर. स्वस्तवाले हे दुसरं तापवणं वाचवतात."

"आणि पहिलं?"

"काही काही तेही."

नानांचा चौथा चहा सुरू झाला तेव्हा मी पाठ फिरवून पिवळ्या दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर गुपचूप घेतला. 40 रुपये. कोपऱ्यावरही तेवढ्यालाच मिळाला असता.

रिक्षात तो माझ्या खिशातून डोकावला. नानांनी न बोलता हात पुढे केला. सळई दांड्यात फिरते का, ते बघितलं. फिरत होती, किंचित. कानस लावली. लोण्यासारखी चालली. टोक डोळ्याजवळ नेलं, फुलीची एक पाकळी आखूड होती. दांड्याचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चारही विषयांत नापास," म्हणाले. "कुकरपुरता ठीक आहे. दोन महिने."

मग, मला बरं वाटावं म्हणून की काय, त्यांनी आपली खिशातली वही उघडून दाखवली. तिच्यात सोसायटीतल्या लोकांनी नेलेल्या हत्यारांची नोंद होती. पक्कड, 8 इंची, नाशिकची तपारिया, तिसरा मजला, 2009. रिंग पाना 16-17, बी विंग, 2012. पटाशी, पाऊण इंची, सेक्रेटरी. पुढे कशालाही परतीची तारीख नव्हती.

"कारखान्यात बिल्ला होता म्हणून सगळं परत यायचं," नाना म्हणाले. "इथं मी कुणाचा बिल्ला ठेवू? पण एक शिकलो. चुंबक, कानस, व्हर्निअर हे सगळं ठीक आहे. हत्याराची खरी परीक्षा ते उसनं दिल्यावर होते. भिकार हत्यार दिवेलागणीला परत येतं, वर माणूस दोन शब्द ऐकवून जातो. चांगलं हत्यार परत येत नाही."

मी ते वाक्य मनात ठेवलं आणि घरी येऊन कुकरचा स्क्रू आवळला. तो आवळला गेला. पुढच्या आठ महिन्यांत त्याच नापास स्क्रूड्रायव्हरनं बेलचं झाकण, कपाटाची बिजागरी, लेकीच्या सायकलची घंटा आणि एकदा श्रीखंडाचा डबा उघडला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज मोडणार. तो मोडला नाही. पिळवटलासुद्धा नाही.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी नाना वर आले. काकूंच्या मिक्सरचं बूड उघडायचं होतं.

"जरा तो तुझा दे बघू. तो नापास झालेला."

"नाना, तुमच्याकडे तर सहा आहेत." खरोखरच आहेत. भिंतीवरच्या फळीवर मापानं लावलेले, प्रत्येकामागे पेन्सिलीनं आखलेली त्याची आकृती, म्हणजे एखादा जागेवर नसला तर लगेच कळावं.

"ते चांगले आहेत रे," नाना म्हणाले. "ते वापरून खराब होतात."

मी दिला. मिक्सर त्याच रात्री सुरू झाला. चटणी वाटल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. दिवाळी झाली, संक्रांत झाली, काकूंनी तिळगूळही आणून दिला. मी दोनदा जिन्यात विषय काढून बघितला. पहिल्यांदा नाना म्हणाले, "हो, बघतो." दुसऱ्यांदा त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

परवा मीही एक वही घातली आहे. तिच्यात सध्या एकच नोंद आहे. स्क्रूड्रायव्हर, प्लसचा, पिवळा दांडा, पहिला मजला. शेरा : पास.