फिनलंडहून परतलेल्या साहेबांस



शिक्षण परिषदेत आपण आम्हा मुख्याध्यापकांना दोन तास फिनलंड दाखवलंत, त्याबद्दल आभार. बर्फ सुंदर होता. मुलं बूट काढून मोज्यांवर वर्गात बसतात, गृहपाठ थोडा असतो, शाळातपासणी तर त्यांनी केव्हाच बंद केली. सगळं टिपून घेतलं. शेवटी आपण म्हणालात, "हा प्रश्न पैशांचा नाही, मानसिकतेचा आहे." तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून हे पत्र.

मोजे नक्की घालू, साहेब. फरशी तेवढी मिळू दे. आमचा पट तीसच्या आत, त्यामुळे वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान 10 हजार रुपये. त्यात खडू, रजिस्टरं, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती. शिवाय दहा टक्के स्वच्छतेला बाजूला काढायचे. उरलेल्या पैशांत फिनलंड करायचा.

पण मला डाचतंय ते जेवण. तिथे 1948 पासून प्रत्येक शाळकरी पोराला गरम जेवण फुकट मिळतं. तेव्हा तो देश युद्धातून जेमतेम उठला होता, सोव्हिएत रशियाला भरपाई फेडत होता. श्रीमंती मागाहून आली, ताट आधी वाढलं. आपल्या दोन तासांत ही गोष्ट कुठेच आली नाही. आपल्याकडे तांदूळ वेगळा येतो, मान्य. पण डाळ, तेल, मीठमसाला, भाजी, इंधन हे सगळं मिळून पहिली ते पाचवीच्या पोरामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे. तेही मे 2025 च्या वाढीनंतर. वाढ किती? 59 पैसे! आपल्या केबिनमध्ये येणारा कटिंग चहा कितीला पडतो, शिपायाला एकदा विचारा. वर आम्हालाच सांगायचं की परसबाग फुलवा, लोकवर्गणी काढा. कुणाकडून काढू? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांकडून? 6 रुपये 78 पैशांत मानसिकता शिजत नाही हो!

बाकी हिशेब थोडक्यात. कोठारी आयोगानं 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के शिक्षणाला मागितले. 1968, 1986 आणि 2020 च्या धोरणांनी तोच आकडा पुन्हा लिहिला. गाठला एकदाही नाही. फिनलंडचा खर्च त्याच्याच आसपास असतो, आणि त्या अख्ख्या देशाची माणसं एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. उद्या आपले टक्के त्यांच्याएवढे झाले, तरी आमच्या पोराच्या वाट्याला त्यांच्या पोराच्या मानाने चिल्लरच येणार. आपण तर अजून टक्क्यांतही मागे आहोत.

खरं तर तुमच्यावर चिडून काय उपयोग? तुम्हीही झेडपीच्याच शाळेत शिकलात, भाषणात सांगताना आवाज जरा कातर झाला होता. तुम्ही पाठवलेल्या शौचालय दुरुस्तीच्या प्रस्तावावरही वरून "तरतूद उपलब्ध नाही" हाच शेरा येतो, असं तुमचे लिपिक सांगतात. ज्याच्या हाती दमडी नाही, त्याने आमच्यात मानसिकतेशिवाय वाटायचं तरी काय?

तरी एक तातडीचं. तिथल्या शाळेचं वीजबिल कोण भरतं, छप्पर गळलं तर लोकवर्गणी कोण गोळा करतं आणि शिक्षक दिवसातून किती वेळा ऑनलाइन माहिती भरतात, हे सोबतच्या एक्सेलमध्ये आज दुपारी चारपर्यंत न चुकता पाठवावे. माहिती निरंक असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.

आपला नम्र,
प्रभारी मुख्याध्यापक,
द्विशिक्षकी शाळा (एक पद रिक्त)