काट्यांची कचेरी

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, मग ते सेलू असो, जिंतूर असो की गंगाखेड, एखाद्या तरी अंगणात ताडपत्रीखाली एक जुनी मोटार असते, आणि त्या मोटारीच्या दारातून पाय बाहेर व मस्तक आत अशा शवासनसदृश अवस्थेत एक सेवानिवृत्त गृहस्थ असतो. मोटार चालत नाही. ती सत्वर चालावी असा त्या गृहस्थाचा आग्रहही नसतो. त्याचे चित्त जडलेले असते ते चालकापुढील त्या दीड-दोन हात लांबीच्या फळीवर, जिचे काम त्याच्याच शब्दांत 'अंतिम टप्प्यात' असते. आमच्या शेजारचे काका या जातीचा अव्वल नमुना होत, आणि त्यांचा अंतिम टप्पा मी गेली अकरा वर्षे पाहत आलो आहे.

काकांनी महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून हयात घालवली आणि निवृत्तीच्या रकमेतून, मुलीच्या लग्नाचा हिशेब चुकता होताच, एक प्रीमियर पद्मिनी खरेदी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून 'फियाट अकराशे डिलाइट' या नावाने निघू लागलेल्या आणि 1974 साली चितोडच्या राणीचे नाव धारण केलेल्या या मोटारीविषयी त्यांचा आदर कुलदैवताइतका आहे. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईने शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरवली, तेव्हा त्यांनी एक वेळचे जेवण वर्ज्य केले होते. तरीही राणीसाहेबांच्या दर्शनी भागात त्यांना एक वैगुण्य दिसले. तेलाचा दाब खचला किंवा बॅटरीला वीज मिळेनाशी झाली, तर मूळच्या गाडीत नुसता लाल दिवा लागतो.

"लाल दिवा म्हणजे पंचनामा हो," काका मला म्हणाले. "माणूस गेल्यावर होणारा. मला रोजचा अहवाल पाहिजे. काटा पाहिजे, काटा!"

त्यांच्या मते इंजिन म्हणजे गाव आणि डॅशबोर्ड म्हणजे तहसील कचेरी. गावात काय चालले आहे ते पाहण्यासाठी कोणी गावात जात नाही. जो तो कचेरीत बसून तक्ते पाहतो. ॲम्पिअर मीटर हे त्यांच्या लेखी जमाखर्चाचे खाते: काटा उजवीकडे कलला की वीज बॅटरीत जमा, डावीकडे कलला की नावे. तेलाच्या दाबाचा काटा म्हणजे कायदा व सुव्यवस्था. आणि पेट्रोलचा काटा? तो तलाठ्याच्या नजर पैसेवारीसारखा, कारण टाकीतला तरंगता गोळा जे पाहतो त्याची खातरजमा कोणीच करीत नाही.

या कचेरीची इमारत उभारण्याचा इतिहास मात्र दीर्घ व क्लेशदायक आहे. आरंभी काकांनी पुठ्ठ्याचा फर्मा कापला. पुठ्ठा भाचीच्या लग्नपत्रिकांचा असल्यामुळे नियोजित ॲम्पिअर मीटरच्या जागी 'श्री गजानन प्रसन्न' आणि वेगमापकाच्या जागी 'आहेर आणू नये' अशी अक्षरे होती. मग तो फर्मा प्लायवुडवर उतरवून वर सनमायका चिकटवला. ते काम फाल्गुनात झाले. वैशाखात परभणीचा पारा 43 अंशांवर गेला आणि बंद काचांच्या त्या मोटारीत चिकटद्रव्याने राजीनामा दिला. सनमायका दोन्ही टोकांनी असा वर उचलला गेला की पद्मिनीला मिशा फुटल्याचा भास व्हावा. दुसऱ्या खेपेस ॲल्युमिनियमचा पत्रा आला. घड्याळाचे अंग 52 मिलिमीटरचे, आणि काकांनी भोक पाडले ते कंपासपेटीतल्या पट्टीवर विसंबून, ज्या पट्टीवरचे आकडे नातवाने चावून पुसट केलेले होते. तापमानाचे घड्याळ भोकातून सरळ मागे पडले, आणि ते काढण्यासाठी जे पाय बाहेर व मस्तक आत झाले ते दिवेलागणीपर्यंत.

"बनी तो बनी, नहीं तो परभणी," काकू ओसरीवरून म्हणाल्या. या म्हणीचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावा. काकांनी तो प्रोत्साहन म्हणून घेतला. काकूंची मोटारीविषयी तक्रार नाही, कारण तिच्या टपावर आणि बॉनेटवर कुरडया अवघ्या एका दिवसात वाळतात.

तिसऱ्या खेपेस काकांना साक्षात्कार झाला की विलायती धनिकांच्या मोटारींत अक्रोडाच्या लाकडाची फळी असते. परभणीत अक्रोड दिसतो तो केवळ सुक्या मेव्याच्या दुकानी. सबब एका पाडलेल्या वाड्याच्या दाराची सागवानी फळी आणण्यात आली. त्या फळीपुढे मात्र माझी थट्टा थांबते. काकांनी ती चार महिने घासली. कानशीने कडा गोल केल्या, पॉलिशचे हात दिले, आणि दाराच्या जुन्या कडीचा काळा डाग मुद्दाम मध्यभागी राखून त्याच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन घड्याळे मांडली. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईस जाऊन ती घड्याळे त्यांनी कुर्ल्याच्या भंगारातून हुडकली होती. जेथे गाडी जन्मली तेथेच तिचे अवयव विकले जावेत, हा योग काय वर्णावा!

सर्व जोडणी झाल्यावर किल्ली फिरवली, तर एकही काटा हलेना. अखेर वायरमन चाचांना पाचारण झाले. चाचांनी फळीवर टिचकी मारली, मग काकांकडे अनुकंपेने पाहिले.

"काका, लकडे को अर्थिंग कां से मिलेगी?"

पत्र्याच्या फळीत घड्याळाचे अंग मोटारीच्या अंगाला आपोआप टेकते आणि विजेचा फेरा पुरा होतो. सागवानाला हे सौजन्य ठाऊक नाही. चाचांनी प्रत्येक घड्याळाच्या पाठीवरून एक काळी तार ओढून सहाही तारा एका बोल्टाखाली आवळल्या, चहा घेतला आणि ते निघून गेले.

गेल्या शनिवारी रात्री काकांनी गल्लीला उद्घाटनाचे निमंत्रण दिले. नारळ फुटला. किल्ली फिरताच घड्याळांच्या पोटातले हिरवट दिवे उजळले, आणि सागवानावर पसरलेला तो मंद प्रकाश पाहून, खरे सांगतो, मलाही क्षणभर गाडी धावते आहे असे वाटले. इंजिन लातूरला रिबोअरसाठी गेलेले असल्यामुळे तेलाचा दाब शून्यावर होता. ॲम्पिअर मीटरचा काटा नावेकडे झुकला होता, जे दिव्यांचा खर्च पाहता रास्तच होते. पेट्रोलचा काटा मात्र डौलाने उठून थेट 'पूर्ण' या खुणेवर जाऊन स्थिर झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "टाकी तर इथं तुळशीपाशी पडलीय की!"

मी मागे जाऊन पाहिले. टाकीपासून सुटलेली तार डिकीच्या पत्र्याला टेकली होती. मी ते काकांना सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, काटा पुन्हा एकदा न्याहाळला आणि कोणत्याही विकाराविना म्हणाले,

"असू द्या. पैसेवारी अशीच निघते."