खेळ कोणाचा, खिसा कोणाचा

खेळण्यांच्या कंपनीने रंगमंचावर आणलेला मुलांचा खेळ पाहावा का? जरूर पाहावा. जाहिरात टीव्हीवर फुकट दिसते. इथे ती तिकीट काढून पाहण्याचा मान मिळतो. फोमच्या मुखवट्यातलं अस्वल रेकॉर्डवरच्या आवाजाला हात हलवतं आणि दाराशी त्याचीच पिल्लं विकायला मांडलेली असतात. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य घेऊन लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हा बिचाऱ्यांना असला व्यवहार सुचला नाही. दादरच्या शिवाजी मंदिरात रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ हे नाटक पाहणारी पोरंही तशीच अव्यवहारी: चिंची चेटकिणीशी हुज्जत घालून घसा बसवून घेतात, रिकाम्या हाताने घरी येतात आणि आठवडाभर स्वतःच चेटकीण होऊन आजीला पळवतात. तेही फुकट! अशाने बाजार चालायचा कसा?