सर्वानुमते क्लिकर

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत मतदानाची आजवर एकच शास्त्रशुद्ध पद्धत होती. सचिवांनी ठराव वाचायचा, पहिल्या रांगेतल्या दोघांनी ‘मंजूर, मंजूर’ म्हणायचे आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहायचे. मागे कोणाचा हात वर दिसलाच, तर त्यांना चहा हवा आहे असे समजायचे. हल्ली मात्र आयटीतला एखादा सभासद उठतो आणि ‘क्लिकर आणू या’ म्हणतो. कमिटीने घाबरून जाऊ नये. यंत्र आले म्हणून निकालही नवा हवा, असे सहकार कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

आधी यंत्र समजून घ्या. क्लिकर म्हणजे मत देण्याचे हातातले बटणयंत्र; प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. बटण दाबले की उत्तर रेडिओ लहरींवरून लॅपटॉपला जोडलेल्या रिसीव्हरकडे जाते. जुने क्लिकर इन्फ्रारेडवर चालत, म्हणून ते रिसीव्हरकडे रोखून धरावे लागत. नव्यांना तशी गरज नाही, तरी सभासद हात लांब करून रोखतातच. रोखू द्या, हात वर करण्याची परंपरा तेवढीच टिकते. बहुतेक यंत्रांत मतदान बंद होईपर्यंत उत्तर बदलता येते आणि शेवटी दाबलेले बटणच मोजले जाते. आपण वीस मते दिली या आनंदात असलेल्या काकांना हे सांगण्याची घाई नको.

वाटप करताना सावध राहा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार एका सभासदाला एकच मत, आणि भाग संयुक्त नावावर असतील तर ज्याचे नाव पहिले त्याचे. इथे अनेक संसारांचा कस लागतो. राज्यात २०२१ पासून महिलांच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ती घेऊन दर सभेत पार्किंगवर तावातावाने बोलणाऱ्या गृहस्थांना त्या दिवशी कळते, की क्लिकर हिच्या हातात आहे आणि ही गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडच्या विरोधात आहे.

खरी कला प्रश्न रचण्यात. ‘लिफ्ट बदलावी का?’ असे कधीही विचारू नये. लोक विचार करू लागतात. ‘कमिटीने परिश्रमपूर्वक निवडलेली लिफ्ट (अ) लगेच बसवावी, (ब) दिवाळीपूर्वी बसवावी’ असे विचारावे. पर्याय तीन असतील तर फ्रान्सचा गणितज्ञ काँदोर्से याचे स्मरण करा. बहुमत गोल फिरू शकते, हे त्याने १७८५ मध्येच दाखवून दिले. पार्किंगचेच घ्या. सोडतीपेक्षा पाळी बरी, पाळीपेक्षा ‘आहे तसेच’ बरे, आणि ‘आहे तसेच’ पेक्षा सोडत बरी, अशी एकाच सभेत तीन वेगवेगळी बहुमते असू शकतात. मग जिंकतो तो क्रम लावणारा. तुम्हाला ‘आहे तसेच’ हवे असेल, तर आधी सोडत आणि पाळी यांची झुंज लावा. पाळी जिंकेल; तिच्याशी ‘आहे तसेच’ भिडवा. झाले. यात खोटे काहीही नाही, हेच त्याचे सौंदर्य.

पडद्यावरचे आलेख मतदान चालू असतानाच दाखवावेत. ते शेवटपर्यंत झाकून ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती वर्गातल्या शिक्षकांसाठी आहे असे समजा. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवले, की भोवतालचे सगळे धडधडीत चुकीचे उत्तर देऊ लागले की पुष्कळ माणसे डोळ्यांना दिसते ते सोडून त्यांच्यात सामील होतात. मात्र उत्तर गुपचूप कागदावर लिहायला दिले, की ही लागण एकदम कमी होते. क्लिकरचा धोका नेमका इथे आहे. शेजाऱ्याला कळू न देता नाही म्हणता येणे, ही गोष्ट सोसायटीला परवडणारी नाही. म्हणून कोणत्या फ्लॅटला कोणता क्रमांक दिला, ती यादी सचिवांच्या हातात सर्वांना दिसेल अशी असावी. वाचायची गरज पडत नाही.

एखादा कायदेपंडित विचारेलच, ‘लोकसभेत १९५७ पासून बटणे दाबून मतदान होते, मग इथे अडचण काय?’ त्याला १७ एप्रिल १९९९ ची आठवण करून द्या. २६९ विरुद्ध २७०, आणि वाजपेयी सरकार गेले. दिल्लीत एका मताने एवढे होत असेल, तर बी विंगमध्ये काय होईल? शिवाय तिथे चुकीचे बटण दाबले गेले तर चिठ्ठी देऊन दुरुस्ती करता येते. ही सोय आपणही ठेवावी, आणि चिठ्ठ्या खजिनदारांकडे द्यायला सांगाव्यात. त्यांच्याकडून कोणताही कागद परत आल्याचे ऐकिवात नाही.

सभा संपताच क्लिकर मोजून घ्या. एखादा हरवला, तर त्याची किंमत त्या फ्लॅटच्या मेंटेनन्समध्ये लावण्याचा ठराव अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी मांडा. मत हात वर करूनच घ्या; क्लिकर तोवर पेटीत गेलेले असतील.