कडीतल्या कागदांचा बंदोबस्त : मीरा-भाईंदरकरांसाठी मार्गदर्शिका

प्रास्ताविक
मीरा-भाईंदर महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली. पाणी, रस्ते, गटारे वगैरे गोष्टी नागरिकांच्या दारी यथावकाश पोहोचतीलच. पेस्ट कंट्रोलचे पत्रक मात्र बिनलिफ्टच्या इमारतीतही चौथ्या मजल्यावर रोज सकाळी हजर असते. या तत्पर सेवेपासून ज्यांना सुटका हवी आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका.

१. पेपराच्या पोटातून येणारा माल
क्लासेस, मोफत नेत्रतपासणी, साड्यांचा सेल, नव्या टॉवरचे बुकिंग. पेपरवाल्याकडे तक्रार केली की तो सांगतो, "काका, ते पहाटे पेपर लावतानाच भरतात." कोण भरतो, हे विचारू नये. हजारी दराने त्याचे पैसे त्यालाच मिळतात आणि उद्याचा पेपर आपल्याला हवा असतो.
कृती : पेपर घडीच्या बाजूने धरून सुक्या कचऱ्याच्या डब्यावर दोनदा झटकावा. पाठकोरी पत्रके वेगळी काढून त्यांवर किराण्याची यादी लिहावी. दोन्ही बाजूंनी छापलेली थेट रद्दीत घालावीत.

२. कडीत खोवलेला माल
सोसायटीने प्रवेशद्वारावर 'सेल्समन व पत्रके वाटणाऱ्यांना सक्त मनाई' असा फलक लावावा. पंधरवड्यात त्या फलकावरच 'रूम भाड्याने मिळेल' हे पत्रक चिकटलेले दिसेल. वॉचमनला जाब विचारल्यास तो रजिस्टर पुढे करतो. त्यात 'नाव : पार्सल, कुठे : ४०२, काम : पार्सल' अशी चोख नोंद असते. ४०२ बंद असून मालक गावी गेलेले असतात.
उपाय एकच : रजिस्टरमध्ये मोबाइल नंबर लिहून घ्यावा आणि ज्या घरी जायचे तिथे इंटरकॉम लावल्याशिवाय कोणालाही वर सोडू नये. हा नियम पाहुण्यांनाही लागू होतो, हे कळल्यावर पुढच्या सर्वसाधारण सभेत तो रद्द होईल.
अपवाद : टँकरवाल्याचे कार्ड कधीही फेकू नये. ते फ्रिजवर, देवाच्या कॅलेंडरशेजारी लावावे.

३. चिकटलेला माल
वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचा स्टिकर चौकटीवर, बेलच्या वर, मीटरच्या पेटीवर आणि मागच्या स्टिकरवर लावला जातो. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. स्टिकरवर आरोपीने स्वतःचे नाव आणि दोन मोबाइल नंबर ठळक छापलेले असतात. पुराव्याची इतकी सोय क्वचितच कुठल्या गुन्ह्यात होते. तरी फिर्याद करायला कोणी जात नाही, कारण प्युरिफायर आपलाही बिघडलेला असतो.
कृती : स्टिकर नखाने खरवडू नये, वरचा कागद निघतो आणि गोंद राहतो. खोबरेल तेलाचा बोळा दहा मिनिटे दाबून ठेवावा आणि मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच सरकवावे. न मागता आलेल्या क्रेडिट कार्डाचाही हा एक सदुपयोग आहे, मात्र आधी ते रीतसर रद्द करून घ्यावे.

४. नावानिशी येणारा माल
पोस्टाने आलेले पाकीट न फोडता, त्यावर 'घेण्यास नकार' लिहून पोस्टमनला परत देता येते. आत काय आहे हे बघून मग नकार देणे ही आपली जुनी पद्धत इथे चालत नाही. शेअर असतील तर डीमॅट खात्यात ईमेल नोंदवावा, म्हणजे उशीएवढे वार्षिक अहवाल घरी येण्याऐवजी इनबॉक्समध्ये न वाचता पडून राहतील.

५. निवडणुकीचा माल
लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७ अ नुसार विधानसभा-लोकसभेच्या प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असावे लागतात. पत्रकाच्या तळाशी काय छापावे हे कायद्याने ठरवले आहे; वर काय छापावे, याबाबत उमेदवार पूर्ण मोकळीक घेतो. यावर घरगुती उपाय नाही. मतदान झाले की पुरवठा आपोआप थांबतो, आणि बहुधा उमेदवारही.

६. फोनमधला माल
या विषयात आपल्या शहराचे नाव सातासमुद्रापार पोहोचलेले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे घातले. तिथली मुले अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिकडच्या लोकांना धमकावत आणि पैसे उकळत. त्या मानाने 'सर, पर्सनल लोन हवंय का?' हे फारच सौम्य म्हणायचे.
कृती : १९०९ वर फोन करून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवरून 'डू नॉट डिस्टर्ब' नोंदणी करावी. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा असतो. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी 'पी' असेल तर तीही जाहिरातच. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात आली तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी. २०२५ च्या सुधारित नियमांनुसार अशा नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते.
इथे सोसायटीचा उपयोग आहे. एकच लोनवाला सगळ्या विंगला फोन करतो. पाच बिऱ्हाडांनी एकमताने तक्रार केली की काम झाले. मात्र पार्किंगवरून बोलणे बंद असलेल्या बिऱ्हाडांची आधी दिलजमाई करावी. या मार्गदर्शिकेतला सर्वांत अवघड टप्पा हाच.

७. मूळ रोग
इतके करूनही माल येतच राहतो, कारण पत्ता आणि नंबर आपणच वाटत असतो. मॉलमधल्या चकचकीत गाडीशेजारच्या पेटीत 'लकी ड्रॉ'चे कुपन भरताना आपण नाव, नंबर, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस आणि मासिक उत्पन्न लिहितो. उत्पन्न थोडे वाढवूनच लिहितो. मग वाढवलेल्या उत्पन्नाला शोभेल असे व्हिलाचे ब्रोशर घरी आले, तर दोष कोणाचा?
बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना २०२३ मध्येच बजावले आहे. तेव्हा काउंटरवरच्या मुलाने नंबर विचारला की एवढेच म्हणा, "नंबर नको, बिल द्या." तो म्हणेल, सिस्टीम पुढे जात नाही. थांबा. मागच्या रांगेने आरडाओरडा सुरू केला की सिस्टीम पुढे जाते.