गिऱ्हाइकाचं काय झालं?

आर्थर कॉनन डॉयलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही रहस्यकथांची महाराणी, असं म्हणायची रीत आहे. १९०१मध्ये ती 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हापासून लोक गुप्तहेर शेरलॉक होम्सच्या नावाने माना डोलावताहेत. मी मात्र ती गिऱ्हाइकाच्या बाजूने वाचली.

हे गिऱ्हाईक म्हणजे बास्करव्हिल घराण्याचा वारस सर हेन्री. घराण्याच्या शापातल्या कुत्र्यामुळे त्याला जिवाची भीती. होम्स म्हणतो, लंडनमध्ये फार कामं आहेत, माझा मित्र वॉटसन आहे, त्याला घेऊन जा. मग पंधरापैकी जवळजवळ सहा प्रकरणं साहेब गायब! बिचारा वॉटसन डार्टमूरच्या माळावर चिखलात हिंडून इमानेइतबारे अहवाल लिहितो, आणि साहेब तिथेच एका दगडी झोपडीत बसून ती पत्रं मागवून वाचत असतात. (हाताखालच्यांना राबवून श्रेय खिशात घालण्याची ही पद्धत पुढे बऱ्याच कचेऱ्यांनी उचललेली दिसते.)

शेवटी योजना काय, तर सर हेन्रीने रात्री एकट्याने माळावरून चालत यायचं. नेमकं धुकं पडतं आणि चमकतं कुत्रं थेट त्याच्या गळ्यावर. होम्स गोळ्या झाडतो खऱ्या, पण आधी अशिलाला चांगलं लोळवू देऊन. गुन्हेगार बहुधा दलदलीत बुडतो. बेड्या कुणालाच नाहीत. सर हेन्री तापाने फणफणतो, हवापालटासाठी त्याला जगप्रवासाला न्यावं लागतं.

आणि होम्स? तो वॉटसनला घेऊन ऑपेराला जातो. कादंबरी झकास आहे, जरूर वाचा. पण फी मात्र वॉटसनच्याच हातात द्या.